वरचं टिंब

देश सुटला त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते आणि घरात अडकून पडले होते. सुटला म्हणजे बाकीच्यांचा. आमच्या परभणीकडे निजामाचा अंमल होता तसाच होता, आणि हिवाळा लागला तशी गावच्या वेशीत निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद माणसांची चौकी बसली. आधी ती माणसं नुसती विचारायची, कुठं चाललात, कशाला चाललात. मग गाठोडी सोडून बघायला लागली. नाताळ झाला आणि वेस बंदच झाली. इकडचं माणूस तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही.

माझ्या ट्रंकेत एक पत्र होतं. निजामाच्या हद्दीबाहेरच्या एका इस्पितळात मला नर्सिंग शिकायला जागा मिळाली होती. सेलूला जाऊन गाडी धरायची, एवढंच बाकी होतं. आमचं गाव वालूरच्या पुढचं, सेलू बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. ते पत्र मी इतक्या वेळा उघडलं होतं की घडीवर कागद फाटत आला होता. बाबांपाशी विषय काढला की ते म्हणत, "रस्ते नीट होऊ देत." त्यातून वहिनीला नववा महिना लागलेला. भाऊ पूर्णेला रेल्वेत सांधेवाला, तो तिकडेच अडकला. आई जाऊन तीन वर्षं झालेली. तेव्हा वहिनीपाशी मीच. मला सगळ्यांचाच राग यायचा, चौकीवाल्यांचा, बाबांचा, आणि खरं सांगायचं तर पोटुशा वहिनीचासुद्धा.

बाबा गावातल्या शाळेचे मास्तर आणि आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक, असं दोन्ही होते. शाळेची खोली हेच आमचं देऊळ. आठवडाभर तिथे पाढे चालत, रविवारी उपासना. मंडळीत आमच्याखेरीज चार घरं, तीही आमच्याच आवाराला लागून. हे सगळं गावाच्या मावळतीला, एका टेकाडावर. उगवतीला मांगवाडा. आणि दोहोंच्या मधल्या रस्त्यावर ती चौकी.

मांगवाड्यात एक सुईण राहायची. साठीची असेल. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. मी तिला मावशी म्हणायचे. वेस बंद होण्याआधी ती रोज दुपारी आमच्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसायची, कारण तिला बाप्तिस्मा हवा होता. दोन वर्षं ती त्याच्या मागे होती. का हवा, हे मी एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "लोकाच्या घरात म्या जाते ती बाळंतिणीच्या खोलीपतोर. बारसं झालं की घर सारवून घेत्यात. तुमच्या देवळात समदे एका पेल्यातनं पेत्यात, म्या खिडकीतनं बगितलंय. मरायच्या आदी त्या पेल्यातनं एक घोट पायजे मला."

बाबांची अट अशी, की बाप्तिस्म्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं नीट देता आली पाहिजेत. तुला कुणी घडवलं, तुझ्यासाठी कोण मेला, आणि तो बाळ असताना लांबून त्याला बघायला कोण आलं. तिसरा प्रश्न खास होता, कारण बाप्तिस्मा व्हायचा तो प्रगटीकरणाच्या सणाला, नाताळानंतर बाराव्या दिवशी. या सणावर बाबा फार सुंदर बोलत. म्हणत, नाताळाला तारणारा जन्मला, पण जन्मून काय उपयोग, तो कुणाला दिसलाच नाही तर? प्रगटीकरण म्हणजे तो दिसला. आणि आधी दिसला तो त्याच्या जातभाईंना नव्हे, मोठ्या पुरोहितांना नव्हे, तर लांबून आलेल्या परक्यांना. ज्यांना त्या पुरोहितांच्या देवळात पाऊल टाकायची परवानगी नव्हती, त्यांनी आधी त्याचं तोंड पाहिलं.

पहिली दोन उत्तरं मावशीला पाठ होती. गाडी अडायची ती तिसऱ्यावर. आमच्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, त्या परक्यांना 'मागी' म्हटलंय. मावशी म्हणायची 'मांगी', म्हणजे मांगाच्या बायका. आणि ही जिभेची चूक नव्हती, तिचं ते ठाम मत होतं. तिला शिकवायचं काम बाबांनी माझ्या गळ्यात घातलं होतं.

"मांगी नाही गं मावशी, मागी. ते पुरुष होते. विद्वान. तारे बघून भविष्य सांगणारे."

"बाई गोठ्यात बाळंत झालीया," ती शांतपणे म्हणायची, "परमुलखात, आपलं म्हणून कुणी न्हाई. तिथं बाप्या माणसाचं काय काम? आन संगं काय आणलं म्हणलीस?"

"सोनं, ऊद आणि बोळ."

"मंग? सोनं मधात उगाळून लेकराला चाटवाया. ऊद धुरीला. बोळ बाळंतिणीच्या पोटात द्याया. ह्ये बाप्याला सुचंल का? तूच सांग. कुणी तरी सुईणच आली आसंल. आन सुईण म्हंजी आमीच की."

घराघरांतून बाळंतिणीच्या उशाशी असतंच ते सगळं. तरी मी शिकवणारी होते, म्हणून हटले नाही. पाटी आणली, 'मागी' लिहिलं आणि वर टिंब दिलं. म्हटलं, हे बघ, हे मांगी. मग बोटानं टिंब पुसलं. आता हे मागी. एवढाच फरक.

तिला अक्षर येत नव्हतं. तिनं पाटी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "वर चांदणी व्हती," ती म्हणाली, "ती कामून पुसलीस?"

मला हसू फुटलं. आतून बाबा आले आणि माझ्या हातातली पाटी काढून घेतली. बाबा तसे शांत माणूस, शाळेत छडीसुद्धा भिंतीला टेकून असायची. पण तो एक शब्द कानावर पडला की त्यांचा चेहरा दगडासारखा व्हायचा. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," ते मला म्हणाले, तिच्यादेखत. "या बाईला अजून समजलेलं नाही. यंदाही जमेलसं दिसत नाही."

मला तेव्हा वाटलं, अचूकपणाचा हट्ट, मास्तरच ते. मंडळीतल्या चार घरांचाही तिला विरोध आहे, हे मला ठाऊक होतं. ती घरं मूळची दुसऱ्या वाड्यातली. ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या तरी मांगाच्या हातचं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, मग एका पेल्यातून पिणं तर लांबच. तोंडानं कुणी असं बोलत नसे. "घाई नको, बाईला नीट समजू द्या," एवढंच म्हणत. बाबा मान हलवत. प्रश्न चुकत होता तोवर सगळ्यांचीच सोय होती.

नाताळानंतर मावशी यायची बंद झाली, आणि घर मला खायला उठलं. आवाराच्या कुंपणापर्यंत जायचं आणि परत यायचं. शाळा बंद, त्यामुळे बाबा दिवसभर घरात. विहिरीवर जायचं ते चारही घरांच्या बायकांनी मिळून, भरभर, मान खाली घालून. आमच्या पोहऱ्याचा दोर तुटला, त्याला गाठ मारून आम्ही तो चालवत होतो, कारण नवा आणायचा तर बाजार वेशीपलीकडे. गावातले लोक म्हणायचे, हे मिशनवाले गोऱ्या साहेबाचे. चौकीवाले म्हणायचे, हे गावकऱ्यांचे. आम्ही कुणाचेच नव्हतो आणि सगळ्यांना भीत होतो.

सणाला दोन दिवस राहिले आणि पहाटे वहिनीला कळा सुरू झाल्या. सूर्य वर आला, ऊन ओसरीवर उतरलं, तरी काही नाही. चार घरांतल्या एक आजी येऊन बसल्या होत्या, त्या नुसत्या देवाचं नाव घेत होत्या. मी बाबांना म्हटलं, मी चौकीवर जाते, त्यांच्या पाया पडते आणि मावशीला आणते. बाबा दारात आडवे उभे राहिले.

"तू जायचं नाहीस."

"मग तुम्ही जा."

ते मला सोडत नव्हते. जातही नव्हते. मी त्यांना भित्रे म्हटलं. बापाला असं म्हणायचं नसतं, पण मी म्हटलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. वहिनी आतून माझ्या नावानं हाका मारत होती.

आणि भर दुपारी मावशी टेकाड चढून आली. डोक्यावर गाठोडं, कपाळावर घाम. तिला कुणी सांगावा धाडला नव्हता.

"तुला कसं कळलं गं?"

"सकाळधरनं तुमच्या चुलीचा धूर दिसंना," ती चूळ भरत म्हणाली. "वाड्यातनं तुमचं टेकाड दिसतं की. दिस तर म्या मोजलेलेच व्हते."

"आणि चौकीवरून कशी आलीस?"

"म्हणलं, पोरगी अडलीया. म्या सुईण हाय. गाठोडं बगायचं आसंल तर बगा हात लावून. समदे मागं सरले."

गाठोड्यात बोळाचा काळपट खडा होता, उदाची पुडी होती, ओवा होता, जुन्या लुगड्याचे धुतलेले तुकडे होते. बाकी काही नव्हतं.

तिनं वहिनीच्या पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, "मूल खाली सरंना. हिला उकिडवी बसवा. आढ्याला दोर बांधा, धरून जोर कराया." मी पोहऱ्याचा दोर आणला. तिनं गाठ चाचपली. "ह्यो न्हाई चालायचा. समदा भार ह्याच्यावर यायचा. गाठ निसटली तर मायलेकरं दोनी जात्याल. नवा वळा कुणी तरी. म्या हितनं हात काढू शकत न्हाई."

छपरासाठी आणलेला अंबाडीचा वाख, म्हणजे सोललेले सुटे धागे, कोपऱ्यात पडून होता. मी तो घेऊन बसले. मला वेणी घालता येत होती, दोर वळता येत नव्हता. जे झालं ते ओढल्याबरोबर उलगडलं. आजींनाही जमेना. वहिनी ओरडली, तशी ती आधी कधी ओरडली नव्हती. बाबा दाराबाहेर पाठमोरे उभे होते. ते वळले, आत आले आणि माझ्या हातातून वाख घेतला.

माझे बाबा खडूची धूळ बोटाला लागली तरी रुमालानं पुसणारे. त्यांनी धोतर मांडीपर्यंत वर घेतलं, उंबऱ्यात बसले, वाखाचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, तळहातावर थुंकले आणि मांडीवरून हात फिरवला. दोर त्यांच्या हाताखालून निघत गेला. ते त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. हात आपोआप वाख घेत होते, पीळ देत होते, दुसरा पदर मिळवत होते. शेतकरी माणूसही वेळेला दोर वळतो, पण असा नाही. असा आमच्याकडे मांगच वळतात. पोटासाठी, लहानपणापासून.

आमच्या घरात मूळ गावाचा विषय कधी निघत नसे. आजोबा दुष्काळात नगरकडे ख्रिस्ती झाले, एवढंच आम्हा भावंडांना माहीत. त्याआधी ते कोण होते, असं मी लहानपणी विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, त्याआधी आपण नव्हतोच.

म्हणजे बाबा मांगाच्या घरात वाढले होते. उंबऱ्यात बसलेल्या माझ्या बापाकडे बघताना मला हे कळलं, आणि त्या शब्दाला त्यांचा चेहरा का दगड होतो हेही कळलं. या गावात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या चार घरांना कळलं असतं तर त्यांच्या हातचा पेला कुणी ओठाला लावला नसता. वीस वर्षं हा माणूस त्या भीतीत राहिला होता. माझी कोंडी दहा दिवसांची होती.

सुदैवानं आजी आत वहिनीचे खांदे धरून होत्या, त्यांनी काही पाहिलं नाही. मावशीनं दोर हातात घेतला, झटका देऊन ताणला, बोटांनी पीळ चाचपला. मग तिनं बाबांकडे पाहिलं.

"ह्यो पीळ घरचा हाय," ती हळूच म्हणाली.

बाबांनी धोतर खाली ओढलं. ते उठून बाहेर गेले आणि कुंपणापाशी जाऊन उभे राहिले.

दोर टिकला. ऊन कलायच्या आत मुलगी झाली. मावशीनं ऊद जाळला, वहिनीला बोळ दिला, मग माझ्याकडे हात पसरला. मी वहिनीच्या गळ्यातला सोन्याचा मणी मधात उगाळून दिला. तिनं ते करंगळीनं लेकराच्या जिभेला लावला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी काय म्हणत व्हते, असा त्याचा अर्थ. मी मान खाली घातली.

आता अडलेल्या पोरीचं निमित्त उरलं नव्हतं, मावशीला चौकीवरून परत जाता येत नव्हतं, म्हणून ती दोन दिवस आमच्याकडेच राहिली. बाबा तिच्याशी बोलले नाहीत, माझ्याशीही नाही. सणाच्या आदल्या संध्याकाळी मात्र मला म्हणाले, "उद्या तिला पुढं बसव."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या खोलीत सतरंजी पडली. चार घरांतली माणसं आली. कोंडलेल्या दिवसांत उपासनेला कुणीच चुकत नसे, दुसरीकडे जायला होतं कुठं? मावशी धुतलेल्या लुगड्यात पुढे बसली होती. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, दुसरा विचारला. मग थांबले. इतके थांबले, की मागे कुणीतरी खाकरलं.

मला वाटत होतं, तिनं 'मांगी' म्हणावं. आणि बाबांनी 'बरोबर' म्हणावं. एकदाच. खोलीत सगळ्यांसमोर. मग काय व्हायचं ते होवो. बाबांचे डोळे पाहून मला असं वाटलं, की त्यांनीही तेच मनाशी धरलंय.

"तो बाळ असताना लांबून त्याला बघायला कोण आलं?"

मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग वळून सतरंजीवरच्या माणसांकडे पाहिलं. एकेका चेहऱ्याकडे. तिला त्या खोलीतलं सगळं कळत होतं.

"मागी," ती म्हणाली. स्वच्छ, टिंबाशिवाय, मी शिकवलं होतं तसं. "उगवतीचे शाने लोक. बाप्ये."

बाबांनी डोळे मिटले. मग तिच्या डोक्यावर पाणी घातलं. आता नाही म्हणायला कुणाकडे काही कारण उरलं नव्हतं. पेला फिरला. तिचा घोट सगळ्यांत शेवटी, आणि पेल्यात उरलं ते बाबा प्यायले.

बाहेर आल्यावर तिनं माझा दंड धरला. "बरोबर म्हणले का गं?"

"बरोबर म्हणलीस मावशी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पुढच्या भाद्रपदात निजामाचा अंमल संपला. चौकी उठली, रस्ते मोकळे झाले, भाऊ पूर्णेहून येऊन लेकीला बघून गेला. मला पुढच्या जानेवारीत निघायचं होतं, सण करून. त्या दिवशी सकाळी बाबांनी त्यांचं शास्त्र माझ्या हातात दिलं. "यंदा तू वाच. माझा आवाज बसलाय." आवाज काही बसलेला नव्हता.

मी सतरंजीसमोर उभी राहिले आणि पान उघडलं. छापलेल्या 'मागी' शब्दावर पेन्सिलीनं दिलेलं एक टिंब होतं. बारीक, पण दाबून दिलेलं. मी मान वर केली. बाबा माझ्याकडेच बघत होते. पुढे मावशी बसली होती, मांडीवर माझी भाची. मागे चार घरं.

आता कुणी अडवणारं नव्हतं. माझी ट्रंक भरलेली होती, संध्याकाळची गाडी होती. मला नुसतं जे लिहिलंय ते वाचायचं होतं. मी बाबांना भित्रे म्हटलं होतं.

मी 'मागी' वाचलं.

बाबांनी मान खाली घातली. उपासना संपल्यावर मावशी जवळ आली, तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "बरोबर वाचलंस पोरी," ती म्हणाली, आणि मला तोंड लपवायला जागा राहिली नाही.

ते पुस्तक आता माझ्याकडे आहे. भाचीचे केस पिकले तरी ती अजून विचारते, आत्या, माझा जन्म झाला तेव्हा मला आधी कुणी पाहिलं? मी म्हणते, सुईणीनं. ती विचारते, कोण होती ती? तिथे मी विषय बदलत आले. यंदाच्या सणाला ती येणार आहे. आल्यावर पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवणार आहे, आणि ते टिंब कुणी दिलं तेही सांगणार आहे.